उत्तम शुक्रवारची सकाळ

औरंगाबाद,
सोमवार, २८ मार्च २०१६

ती. सारजाअक्का,

तुला आणि दाजींना प्रभूच्या नावात सलाम. इकडं सगळे ठीक. तुझ्या भावजयीचे, सत्यभामाचे गुडघे दुखतात, पण ती ऐकते कुठं! टँकर दिवसाआड येतो. देवगावच्या विहिरीत काही उरलंय का? काल ईस्टरची भक्ती झाली, मंडळी लई होती. तुला चष्म्याबिगर वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढतोय.

तू म्हणशील, बारा वर्षांत एक ओळ नाही आणि आज ह्याला कुठून उमाळा आला. कुठून ते तुला माहीत आहे. पण मला जरा दमानं सांगू दे.

उत्तम शुक्रवारी आमच्या चर्चमध्ये बारा ते तीन भक्ती असते. प्रभू वधस्तंभावरून जे सात उद्गार बोलला, त्यांवर सात जण बोलतात. यंदा पाळकसाहेबांनी पाचवा उद्गार मला दिला, तहानेचा. म्हणाले, "बन्सीभाऊ, दुष्काळाचं वर्ष, त्यात तुम्ही सोसायटीचे पाण्याचे सेक्रेटरी. तुमच्याइतकं चांगलं कोण बोलणार!" मी असा फुगलो म्हणून सांगू. तीन आठवडे खपून चार पानं लिहिली.

आमच्या बोअरची किल्ली माझ्याकडं असते. बाहेरच्या कुणाला पाणी द्यायचं नाही हा ठराव माझाच. त्यात वाईट काही नव्हतं गं. अठ्ठावीस घरं, आणि मोटार अर्ध्या तासात कोरडी खरखरते.

तर शुक्रवारी सकाळी शेजारच्या बांधकामावरच्या बाया हंडे घेऊन गेटवर आल्या. माझ्यासोबत श्रीनिवासराव उभे होते. ते वरच्या मजल्यावर राहतात, तहसीलमधून रिटायर झालेत, सोसायटीत त्यांचा शब्द चालतो. मी बायांना "चला, पुढं व्हा" म्हणत होतो, तेवढ्यात एक जण गेटला हात लावून म्हणाली, "बन्शा! आरं म्या सारजा. तू हितं ऱ्हातूस व्हय?"

ऊन माझ्या डोळ्यावर होतं. तुझ्या तोंडावर सिमेंट होतं. श्रीनिवासरावांनी विचारलं, "ओळखीची आहे का?" मी म्हणालो, "नाही हो. मी ह्या बाईला ओळखत नाही."

घाईत नजरचूक झाली म्हण.

तू माझ्याकडं बघितलंस, मग त्यांच्याकडं. आणि म्हणालीस, "व्हय साहेब, माझीच चूक झाली. माझा भाऊ ह्याच्याहून लई काळा हाय." बाया हसल्या, श्रीनिवासराव हसले. अक्का, मीसुद्धा हसलो. तू रिकामा हंडा कडेवर घेऊन गेलीस आणि मी घरी येऊन इस्त्रीचा सदरा घातला.

चर्चमध्ये आधी प्रभूचा शिष्य पेत्र त्याला नाकारतो, तो भाग वाचला. आत प्रभूला मारतायत, आणि हा बाहेर अंगणात शेकोटीपाशी शपथा घेऊन सांगतोय की त्या माणसाला मी ओळखतच नाही. लहानपणापासून ऐकत आलोय. दरवर्षी मनात म्हणायचो, काय भेकड माणूस! ह्या शुक्रवारी मात्र तसं म्हणता आलं नाही. अगं, ते माझेच शब्द होते! चार तासांपूर्वी गेटवर उभं राहून बोललेले. सत्यभामा म्हणाली, "काय झालं? चेहरा पांढराफटक पडलाय." मी म्हणालो, उपास आहे ना, म्हणून.

तरी बोलायला उभा राहिलो बघ, इतका निर्लज्ज. तीन पानं धडाधड वाचली. चौथ्या पानावर मीच लिहिलं होतं, की माझी थोरली बहीण सारजा दोन कोसांवरून पाणी आणायची आणि पहिला तांब्या मला द्यायची. तिथं वाचायचा थांबलो. पुढचं अक्षर दिसेना. खाली बसलो. आणि भक्तीनंतर लोक येऊन माझे हात धरायला लागले, "काय हेलावून टाकलंत, बन्सीभाऊ!" ते सगळे सलाम मी घेतले.

आता पुरे झालं खोटं. नजरचूक वगैरे काही नव्हती. तू हाक मारायच्या आधीच मी तुला ओळखलं होतं, रस्ता ओलांडताना, नुसत्या चालीवरून. म्हणूनच गेट लोटून घेत होतो. इथं सगळ्यांना मी सांगून ठेवलंय की गावाकडं आमची मोसंबीची बाग आहे. ह्या घरात राहायला आलो तेव्हाच्या प्रार्थनेला तुला बोलावलं नाही ते त्याचमुळं. पत्रिका पोस्टात हरवली असा निरोप धाडला, ती थाप होती.

शनिवारी दोन कॅन भरून बांधकामावर गेलो. तू नव्हतीस. तुझ्यासोबतच्या मनकर्णाबाईनं मला आपादमस्तक न्याहाळलं. म्हणाली, "ती नवऱ्याला घिऊन शुक्रवारीच गावाकडं गेली. म्हणली, म्या हितं ऱ्हायले तर त्याला रोज तोंड लपवावं लागंल." अशा सालात हातचं काम सोडलंस तू! माझ्यासाठी! मी तिथं विटांच्या ढिगावर बसलो.

इथपर्यंत लिहिलेलं पत्र आज सकाळी श्रीनिवासरावांच्या घरी जाऊन वाचून दाखवलं, मोसंबीच्या बागेसकट. पाठोपाठ बोअरची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांची बायको चहा घेऊन आली होती, ती तशीच आत गेली. उद्यापर्यंत अठ्ठावीस घरांना कळेल. कळू दे. घरी येऊन सत्यभामालाही वाचून दाखवलं. तिनं माझ्याकडं पाठ केलीय, आणि ते बरोबर आहे.

बुधवारी पहिल्या गाडीनं देवगावला येतोय. तुला मला ओळखायचं नसेल तर चार लोकांसमोर तसं म्हण. मी उलट एक शब्द बोलणार नाही, दारातूनही हलणार नाही.

तू म्हणशील तरच तुझा भाऊ,
बन्सी