न उडालेल्या बाणाचं एक फूट

ता. ४ मार्च

चि. भाऊस ताईचे आशीर्वाद.

तुझं खोकं पोचलं. उघडलं आणि कपाळाला हात लावला. एक रबरी पिशवी, एक नळी, एक मऊ बाण आणि आठ पानांचं माहितीपत्रक. पिशवीवर उडी मारायची, हवा नळीतून धावते, बाण आभाळात. यातून म्हणे पोरांना विज्ञान येतं! पोरांना उड्या मारायला कधीपासून शिकवावं लागतं रे? चाळिशी उलटलेला शिकलासवरलेला माणूस तू, आणि कारखान्यात खेळण्यातले बाण बनवतोस. कुणी विचारलं तर मी सांगते, भाऊ यंत्रांच्या कामावर आहे.

नळी किती तिरपी केली की बाण किती लांब पडतो, हे मोजून वहीत लिहायचं. नाहीतर तुझा साहेब खेळणं बंद करणार आणि तुलाही घरी बसवणार. दुकानात ब्लाउजांचा ढीग पडलाय, पण करते. नात उड्या मारेल, मी टेपने मोजेन. भिंगरीच ती, नाहीतरी कुठे बसते एका जागी?

लोभ ठेव, खोकी मात्र तुझ्याकडेच ठेव.

तुझी ताई

ता. १३ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

वही मिळाली. साहेब वाचत होते, मी शेजारी उभा. सातव्या ओळीत तू लिहिलंयस, 'बाण उडालाच नाही', आणि पुढे अंतर, एक फूट. साहेब इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाले, असल्या मोजण्यावर मी हजार खेळणी काढू का? महिनाअखेरीस ठरवणार आहेत.

ताई, खरंच मोजलंस, की शिवता शिवता अंदाजे ठोकलंस? रागावू नकोस. माझी नोकरी त्या वहीवर टांगली आहे.

भिंगरीला पापा. तुझा लोभ आहेच, आता नीट मापही असू दे.

तुझा धाकटा

ता. २१ मार्च

चि. भाऊस आशीर्वाद, रागासकट.

अंदाजे? तीस वर्षं लोकांची मापं घेतेय मी! मोजलं, आणि प्रत्येक आकड्यात फूटभर माया धरली. पोरांच्या कपड्यात जादा कापड सोडावंच लागतं, पोर वाढतं. हाताची सवय, सातव्या ओळीतही सोडली. बाण वाढत नसतो, हे मला भिंगरीने कमरेवर हात ठेवून सांगितलं. उद्धटपणात तुझ्यावर गेलीय.

टेप माझ्या गळ्यातून ओढून तिने चार दिवस सगळं पुन्हा मोजलं. नळी तेवढीच तिरपी, उडी तीच. पहिल्या दिवशी बावन्न फूट, चौथ्या दिवशी एकतीस. माझंच चुकतंय म्हणून रडकुंडीला आली. मी पिशवी कानाला लावून दाबली. कडेतून फुस्स!

साहेबाला सांग, आठ पानं लिहिलीत पण कड नुसती चिकटवलीय. उड्या मारायची वस्तू, आणि तिला उडी सोसत नाही! हजार काढली असतीत, तर हजार घरांतून शिव्या आल्या असत्या. हसतोय मोठा.

सायकलवाल्याकडून ठिगळ लावून घेतलं, वरून जाड कापडाची खोळ घातली, दुहेरी शिवण मारून. अठ्ठावन्न फूट. माया धरलेली नाही, भिंगरीने दोनदा मोजलंय.

वही, पिशवी आणि खोळ पाठवते. तुला काढलंच, तर म्हणावं खोळ परत द्या.

बाण पाठवत नाही. शेवटची उडी मी मारली. तो समोरच्या छपरावर आहे, आणि भिंगरी शिडी मागायला गेलीय. अंतर मोजल्याशिवाय ऐकणार नाही म्हणते.

लोभ असू दे, आणि एक जादा बाण.

तुझी ताई