जहाजाच्या पावतीवर आबांची सही

१२ फेब्रुवारी १९४९
इतके महिने ही वही उघडली नाही, त्याबद्दल स्वतःचीच माफी मागतो. सबब काही नाही. दिवस बरे चालले होते, आणि बऱ्या दिवसांत मला लिहायला बसवत नाही. आजही तक्रार म्हणून लिहीत नाही. गंमत वाटली म्हणून.

नगरच्या कोर्टात इतकी वर्षे बांध, वाटण्या, वहिवाटा केल्या. आज माझ्या ओसरीवर समुद्र आला.

काष्टीचा भिवा. लिंबांची बाग, चुलते आबा यांच्याशी भागीत विहीर. मुंबईच्या एका व्यापाऱ्यामार्फत याने विलायतेहून तेलाचे इंजिन मागवले. किंमत आधीच चुकती. व्यापाऱ्याने धंदा आवरला आणि जाताना जहाजाची पावती याच्या हाती दिली. इंग्रजीत तिला बिल ऑफ लेडिंग म्हणतात. ज्याच्या नावे ती पावती, त्याला माल. व्यापाऱ्याने पाठीवर 'माल भिवास द्यावा' असे लिहून सही केली होती. सगळे रीतसर. पण इंजिन गोदीत उतरले आणि जहाज कंपनीचा एजंट ते देईना.

पावती उलटून पाहिली, तर व्यापाऱ्याच्या सहीखाली भिवाची सही, तिच्याखाली पाटलांची, मग देवळाच्या गुरवाची, शेवटी आबांची.

"हे काय?"
"येवढा मोलाचा कागुद, साक्षी नकोत व्हय? खरेदीखताला घेतोच की."

अशा पावतीच्या तीन प्रती असतात; तिन्हींवर घेतल्यात, कसूर नको म्हणून! 'साक्षीदार' हा शब्द मात्र कुणीच लिहिला नाही. एजंटाच्या लेखी पाठीवरची प्रत्येक सही म्हणजे माल पुढच्याच्या नावे केला. भिवाने पाटलाला दिला, पाटलाने गुरवाला, गुरवाने आबांना. गोदीतून तसूभर न हलता इंजिन गावभर फिरून आले.

हसलो. भिवा हसला नाही. म्हणाला, "सही केली तवा आबा बोलत हुते. संक्रांतीपासनं बोलत न्हाईत."

१४ फेब्रु.
बार लायब्ररीत जहाजाच्या पावत्यांचा अठराशे छप्पनचा जुना कायदा सापडला. अवघी तीन कलमे. वाचून फार बरे वाटले. कॉलेजात असताना एखादे प्रमेय सुटल्यावर वाटे तसे. नुसत्या सहीने कुणी मालक होत नाही. त्या सहीमुळे मालाची मालकी पुढच्याकडे जायला हवी, तरच हक्क जातो. साक्षीदाराकडे कसली मालकी? कायदा भिवाच्या बाजूने.

तरी एजंटाला दोष देववत नाही. भलत्याच्या हाती माल गेला तर भरपाई त्याच्या गळ्यात. त्याच्या जागी मीही अडूनच बसलो असतो.

वामनला लिहिले. कॉलेजचा सोबती, मुंबईत सॉलिसिटरकडे आहे.

१७ फेब्रु.
वामनचे उत्तर. एजंटाला भेटून आला. दावा केलात तर पावसाळा येईल, म्हणतो. त्यापेक्षा 'माल आमचा नाही' असे तिघांकडून लेखी घ्या, मुख्य म्हणजे शेवटच्या आबांकडून. खाली तिरकस अक्षरात: 'नाहीतर सह्यांच्या वर "साक्षीदार" एवढा शब्द लिहून टाक. शाई तीच वापर. खरेच तर आहे!'

खरेच आहे, हीच अडचण. भिवा ओसरीवर बसलेलाच होता. मी वाचून दाखवले (दाखवायला नको होते का?).

"मग लिवा की, साहेब. खोटं काय हाय त्यात?"

शब्द खरा, पण तो सहीच्या दिवशीच लिहिलेला होता असे कागद बोलेल, आणि ते खरे नाही. मी नाही म्हणालो. भिवाने टोपी उचलली. "झाडं माना टाकायला लागल्यात," एवढेच बोलून गेला.

सौ. इंदूला सांगितले. ती पोळ्या लाटत होती. "शब्द खरा, मग अडलं कुठं?"
"लिहिला कधी, ते खोटं होईल."
"असं होय. मग भिवाच्या झाडांना जाऊन तसं सांगा."

हा सचोटीचा प्रश्न, की माझ्या अंगरख्याला डाग नको एवढाच? ठरत नाही. पण लिहिणार नाही. पाटील व गुरव यांच्यासाठी मसुदे करून काष्टीला पाठवले. आबांना निरोप दिला.

१९ फेब्रु.
आबा आले. सत्तरीचे, ताठ, डोळ्यांत खट्याळपणा. धोतराच्या सोग्यात कांदे. इंदूपुढे ओतले. "लाच न्हाई, बाई. भाजी करा."

बसताक्षणीच विचारले, "येक खरं सांगा. इंजिन माजं हाय का?"

हे माझे अशील नव्हेत. गोल उत्तर देता आले असते. सांगितले, "नाही. पण तुम्ही लिहून दिल्याशिवाय ते गोदीतून हलत नाही."

"म्हंजे माजं न्हाई, पन माज्याबिगर हलत न्हाई. आमच्या म्हाताऱ्या बैलागत!" मनापासून हसले. मग खरे ते बाहेर आले.

"वकीलसाहेब, आजवर दोघांच्या दोन मोटा. बैल दमला की पानी थांबायचं. तेवढ्यात झरं भरायचं. हे इंजिन दमनार न्हाई. घटकंत इहीर पिऊन टाकंल. माजी मोट वर लटकत ऱ्हायची. माजा कांदा कशावर जगवू? इचारलं तर भिवा म्हनतो, इंजिन माजं, मी बघीन. तवापासनं बोलनं बंद."

भिवाने यातले अक्षर सांगितले नव्हते. मी तरी कुठे विचारले? म्हाताऱ्याच्या हाती पाण्यासाठी एकच हक्क बळकट आहे, या सहीचा, आणि तो एका घाबरट एजंटाने दिलेला. तो मी त्यांना समजावून दिला. अशिलाचे नुकसान केले का? बहुधा केले. तरी संध्याकाळी फिरायला गेलो तेव्हा मन हलके होते. कांद्याची भाजी झकास झाली.

२२ फेब्रु.
दोघांना एकत्र बोलावले. भिवा पाटील-गुरवांची लेखी घेऊन आला. चांगले.

भिवा भिंतीकडे बघून: "इंजिन आडवून बसल्यात."
आबा माझ्याकडे बघून: "मी कुटं आडवलं? कंपनीनं आडवलं. मी तर काष्टीत हाय."
"बाग जळंल, आबा."
"जळंल तर मला वाईट न्हाई वाटनार व्हय रं? तुजा बाप तापानं पडला हुता, तवा पयली रोपं म्या लावली."

इंदूने सरबत आणले. आबांनी पेल्यात डोकावून पाहिले. "लिंबू भिवाच्या बागंतलं न्हाई. पानचट हाय." भिवाला हसू फुटले, आणि त्यानंतर सगळे सोपे झाले. निदान मला तसे वाटले.

ठरले ते असे. इंजिन भिवाचे, दिवसाआड ते आबांच्या कांद्यालाही चालेल, तेल ज्याचे त्याने आणायचे. आबा पावतीवर आजची तारीख घालून लिहिणार, की मागली सही साक्षीची होती, माल भिवास द्यावा. पाण्याच्या कराराला साक्षी घेताना मी आधी 'साक्षीदार' लिहिले, मग सहीला जागा ठेवली. आबा म्हणाले, "शिकलात की!"

आबांनी टाक हातात घेतला आणि थांबले. "पानी तळाला गेल्यावर इंजिन कवा बंद करायचं?"

भिवा: "गुडघाभर उरलं की."
आबा: "पुरुषभर तरी उरलं पायजे. न्हाईतर सकाळच्याला झरं भरत न्हाईत."

गुडघा आणि पुरुष यांच्यात तास गेला. टाक खाली ठेवून आबा उठले. रागावून नव्हे, गाडीची वेळ झाली म्हणून. दोघे एकाच टांग्यातून स्टेशनवर गेले. पावतीच्या तिन्ही प्रती माझ्या कपाटात.

२४ फेब्रु.
वामनचे पत्र: आजच्या तारखेचे लेखी असेल तर एजंट इंजिन सोडायला तयार. म्हणजे साक्षीच्या शाईची लबाडी करावी लागली नाही. खूश आहे, किती, ते लिहीत नाही. आबांची सही अजून नाही, आणि ऊन वाढते आहे.

सकाळपासून कराराचे तीन मसुदे केले. एकात मांडीभर पाणी लिहिले, एकात कंबरभर. तिसऱ्यात 'उभय पक्षांस योग्य वाटेल तितके' असे लिहून स्वतःच खोडले. इंदू मागून वाचत होती. "विहीर केवढी आहे हो?" मला सांगता आले नाही. दोघांनी सांगितलेल्या दोन वेगळ्या विहिरी तेवढ्या मला माहीत आहेत.

उद्या: सकाळच्या गाडीने काष्टीला जाऊन विहीर पाहणे.