पुढच्या रविवारी न्यायला येते

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे? मुख्याध्यापिका होतीस तो काळ सरला, तरी जिने चढून शेजारच्या मुलांचे कान पिळायला जातेस असं ऐकलं.

आमच्या ठकीला डॉक्टरांनी तपासलं. पाच वर्षांची झाली, पण आपण बोललेलंच परत बोलते. मिक्सर लागला की कान दाबून टेबलाखाली जाते. ऑटिझम म्हणाले, स्वमग्नता. जन्मापासूनच असतं, कुणाच्या वळणाचा दोष नाही, असंही म्हणाले. शाळेचं मात्र म्हणणं, लांबच्या वसतिगृहात ठेवा, तिथे शिस्त लावतात. महिनाअखेर फॉर्म द्यायचाय. लेक म्हणते, माझ्या ठकीचं ताईमावशी सांगेल तसं करू.

घरात आणखी कुणी असं होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मला आपला बापू आठवला. तो वसतिगृहात गेला तेव्हा मी चार वर्षांची. कसा होता गं तो?

तुझी,
छोटी

११ जून

चि. छोटीस,
अ. उ. आ.

गुडघा तुझ्या जिभेपेक्षा कमी चालतो.

बापू हट्टी होता, एवढंच. नजरेला नजर देत नसे, हाकेला ओ देत नसे. आईने लाडावून ठेवला होता. गेलेल्या भावाला आता आजारांची नावं लावत बसू नकोस. ठकीला पाठवा. रडेल, मग रुळेल.

तिला पापा.
ताई

१७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस. परवा लेक ठकीला सहज म्हणाली, पाच मिनिटांत बागेत जाऊ. मग फोन आला आणि राहून गेलं. ठकी चपला घालून दाराशी दोन तास उभी! आम्हाला वाटलं, हट्टच हा. तिला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हट्ट नव्हे, विश्वास. आपण नुसती समजूत घालायला बोलतो, हे या मुलांना उमगत नाही.

फॉर्म भरून ठेवलाय. तू म्हणतेस म्हणून.

तुझी,
छोटी

२२ जून

चि. छोटीस,
अ. उ. आ.

पत्र आलं तेव्हा भाजी चिरत होते. ती तशीच पडली आहे.

बापूला मी नेऊन सोडलं. आईला लिहिता येत नव्हतं, फॉर्म मी भरला. ‘मुद्दाम ऐकत नाही’ असं लिहिलं. माझ्या शाळेतल्या सिस्टर ज्याचं कौतुक करायच्या, त्याच सुरेख अक्षरात. फाटकाशी तो माझा हात सोडेना, म्हणून सांगितलं, पुढच्या रविवारी न्यायला येते. महिन्या-महिन्याने भेटायला जायचे, आणि निघताना दर वेळी हेच सांगायचे.

तिथल्या बाई म्हणाल्या होत्या, हा दर रविवारी पिशवी भरून फाटकाशी उभा असतो, जेवायलाही येत नाही. मी त्यालाच रागावले गं. मला वाटायचं, मला खिजवतो. नऊ वर्षं उभा राहिला. शेवटच्या थंडीत तिथेच उभं राहून छाती भरली.

फॉर्म फाडा. मी येते आहे. ठकीला मात्र इतक्यात सांगू नका. तिकीट हातात आलं की वार आणि वेळ लिहीन, मग सांगा.

जमेल तेवढा लोभ ठेव.
ताई