उतारावर कुठला हात

७ डिसेंबर, रविवार

दोनदा पडले. आणि दोन्ही वेळा सायकल उभी होती!

रविराजसर म्हणाले, "उझ्मा, चालत्या सायकलवरून पडणारे खूप पाहिले. उभ्या सायकलवरून पडणारी तू पहिलीच."

सायकल त्यांचीच आहे. चाकणला आमच्या कंपनीत ते मेन्टेनन्सला आणि मी क्वालिटीत. ट्रेनिंगला जर्मनीत गेले होते तेव्हा तिथून ही डोंगरावरची सायकल घेऊन आले. आता त्यांनी नवी घेतली, म्हणून ही मला दिली – शर्यतीपर्यंत. शर्यत! लिहिताना पेन अडतं. अठरा जानेवारी, वासुली फाट्याच्या आतल्या टेकडीवर. पहिल्यांदाच उतरणाऱ्या मुलींचा वेगळा गट आहे. नाव देऊन बसले आहे. का दिलं, मलाच ठाऊक नाही.

मारुंजीच्या टेकडीवर सकाळी धुकं होतं. खालच्या इमारतींचे फक्त वरचे मजले दिसत होते. बाकी काही नाही – ना रस्ता, ना हॉर्न. गुडघा सोललेला होता आणि मी बघत बसले.

८ डिसेंबर

या सायकलचे ब्रेक उलटे आहेत. आपल्या गाड्यांना उजव्या हातात पुढचा ब्रेक असतो. हिला उजव्या हातात मागचा.

योगिनीने समजावलं. ती असेंब्लीत आहे, तिच्या दोन शर्यती झाल्यात. "उतारावर मागचा भरपूर, पुढचा नुसता बोटाने. पुढचा जोरात दाबलास तर सायकल थांबेल आणि तू एकटीच फिनिशला जाशील. उजवा हात भरपूर, डावा जरासा. झोपेत विचारलं तरी सांगता आलं पाहिजे."

बसमध्ये पुटपुटत होते – उजवा भरपूर, डावा जरासा. शेजारच्या बाई म्हणाल्या, "कसला जप करतेस गं? गुण येतो का?"

१० डिसेंबर

अब्बांना शर्यतीचं सांगितलं. ते देहूरोडला आपल्या गॅरेजमध्ये होते. एका मोटारसायकलचा वाकलेला पुढचा दांडा काढत होते. वर न बघता म्हणाले, "बघू."

बस, एवढंच.

रहमतबी फुप्पीला रात्री जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "त्याने नको म्हटलं का?"

"नाही."

"मग झालं की."

"हो असंही नाही म्हटलं, फुप्पी."

तिने कपाळावर हात मारला. पण हे तिनेच शिकवलंय मला! अम्मी गेली तेव्हा मी फुप्पीचा पदर सोडायला तयार नव्हते. मग ती औशाच्या शाळेतली मास्तरकी सोडून आमच्याकडे, भावाच्या घरी आली आणि चौथीपर्यंत मला घरातच शिकवलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाटी घेऊन. रोज एक पान लिहायचं, पानात खोटं वाक्य नको. आणि जे कुणी आपल्या हातात दिलं नाही, ते आपलं नाही. मग "बघू"ला हो कसं समजू?

अब्बांचंही चूक नाही. रोज त्यांच्यापुढे आपटलेल्या गाड्या येऊन पडतात. नेहमी म्हणतात, "गाडी सरळ होते गं. माणूस होत नाही."

१४ डिसेंबर

आज चढ पूर्ण चढले. पाय न टेकता! वर पोचल्यावर घशात लोखंडाची चव.

आणि मग वर सपाटीवर वाळलेलं गवत आहे ना, कमरेएवढं, त्यातून एक बारीक पायवाट जाते. त्या वाटेवर सायकल आपोआप चालल्यासारखी वाटते. दोन्ही बाजूंनी गवत हातांना लागतं. सोनेरी. चाकांचा आवाज सुद्धा येत नाही. मला वाटलं, मी कुठे जातच नाहीये, टेकडीच माझ्याखालून हळूहळू सरकतेय.

असं कधी वाटत नाही मला. मला नेहमी वाटतं, गॅस बंद केला का? पार्ट बरोबर तपासला का? कुणाला काही लागेल असं बोलले का? तिथे काहीच आठवलं नाही. नंतर भीती वाटली, एवढं सगळं कसं विसरले!

१९ डिसेंबर

स्कूटरवर सवयीने उजवा ब्रेक करकचून दाबला. नाक फुटता फुटता वाचलं. म्हणजे हात शिकला!

२८ डिसेंबर

उतार जमला. सगळा. योगिनी खालून ओरडत होती, "ढुंगण मागे! अजून मागे! लाजतेस कुणाला, इथे म्हशीच आहेत!"

खाली आले. वर बघितलं. मी तिथून आले? तो दगड, ती घळ – सगळं मी? खूप वेळ बघत राहिले. संध्याकाळी पोळ्या लाटतानाही उतारच दिसत होता. पोळी लांबट झाली. फुप्पी म्हणाली, "हा कुठला नकाशा?"

४ जानेवारी

अब्बांना पुन्हा विचारलं. "अब्बा, अठराला आहे."

"ऐकलं."

"जाऊ?"

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. अब्बा त्याच्याशी क्लचबद्दल बोलायला लागले. मी उभीच. पंधरा मिनिटांनी गिऱ्हाईक गेलं, अब्बा हात पुसत आत गेले.

माझं ठरलंय. त्यांच्या होकाराशिवाय जायचं नाही. नाव काढून घेईन. योगिनीला सांगितलं तर चिडली. "तुझं आपलं सगळं सही-शिक्क्याचं! बापाच्या मायेवरपण क्वालिटी ओकेचा शिक्का पाहिजे का?"

तिला कसं सांगू? गपचूप गेले आणि जिंकले, तरी त्या गवतातल्या वाटेवर मला ते आठवत राहील. मग ती वाट पण गेली.

१३ जानेवारी

अजून काही नाही. गुरुवारपर्यंत वाट बघेन.

१५ जानेवारी

गुरुवार झाला. नाव काढायला फोन हातात घेतला. खाली ठेवला. शनिवारपर्यंत.

१७ जानेवारी, शनिवार

शिफ्टवरून आले तर दारात सायकल. मी सकाळी गेले तेव्हा चिखलाने भरलेली होती. आता धुतलेली, पुसलेली, साखळीला तेल. दोन्ही ब्रेकच्या केबल नव्या! अब्बा नळावर हात धूत होते, कोपरापर्यंत काळे.

फुप्पी हळूच म्हणाली, "दुपारपासून सायकलपाशीच बसलाय. जेवला पण नाही. हाक मारली तर ओ देत नाही."

मी म्हटलं, "अब्बा?"

"केबल सडल्या होत्या," ते म्हणाले. "ऐसे कैसे जाने दूं?"

जाने दूं!

म्हणजे जायचं आहे हे त्यांनी धरलेलंच आहे! सायकलपाशी बसून दोन्ही ब्रेक दाबत राहिले. गच्च. एकदम गच्च. असे ब्रेक या सायकलला कधीच नव्हते. आज पहिल्यांदा ती माझ्या हातात घरातून कुणीतरी दिली.

१८ जानेवारी, रविवार

डाव्या खांद्याचं हाड मोडलं. उद्या लिहीन.

१९ जानेवारी

क्रमाने लिहिते.

सकाळी अब्बा नमाजला गेले होते, भेट झाली नाही. रविराजसरांच्या गाडीतून गेलो. तिथे पोचलो तेव्हा ऊन नुकतंच टेकडीच्या कडेवर आलं होतं. मागे दूर कंपन्यांची पत्र्याची छपरं चमकत होती, तळं असावं तशी. खूप मुली होत्या. सगळ्यांची हेल्मेटं चांगली.

शिट्टी झाली. सगळ्या पुढे गेल्या. मी मागे राहिले, आणि का कोण जाणे, मागे राहिल्यावरच बरं वाटलं. चढावर एकेक मुलगी उतरून सायकल ढकलायला लागली. मी उतरले नाही. मारुंजीच्या चढाने शिकवलेलं. चौघींना मागे टाकलं. प्रत्येकीला "सॉरी" म्हणाले! एकीने दमलेल्या आवाजात सांगितलं, "सॉरी काय म्हणतेस? जा की!"

वर गवत होतं. तसंच. पहिल्या फेरीत उतारावर माझ्यापुढे एक घाबरलेली मुलगी होती. तिच्यामागे अगदी हळू, दोन्ही ब्रेक अर्धवट धरून उतरले. म्हणून काही कळलं नाही.

दुसऱ्या फेरीत पुढे कुणी नव्हतं. वारा, ऊन, ती बारीक वाट, आणि मी. वेळ असा काही नव्हताच. खरंच, मला वाटलं की घड्याळ नावाची वस्तूच नसते. उतार आला. कंबर मागे घेतली. करवंदाच्या जाळीपाशी वळण आहे, तिथे हाताने आपण होऊन केलं ते – उजवा भरपूर.

सायकल जागच्या जागी थांबली. मी नाही थांबले.

हवेत होते तेव्हा भीती वाटली नाही. हे खोटं वाक्य नाही. आकाश खाली गेलं आणि माती वर आली, सगळं सावकाश. मग पाठीवर पडलेली होते आणि एक घार फिरत होती. खांद्याचं नंतर कळलं.

रविराजसर धावत आले. मला बसवलं. मग सायकल उचलली आणि नुसतं बघायचं म्हणून उजवा ब्रेक दाबून पुढचं चाक फिरवलं. फिरेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "केबल कुणी बदलल्या?"

तेव्हा कळलं.

अब्बांनी आयुष्यभर गाड्या दुरुस्त केल्या. उजव्या हाताला पुढचा ब्रेक! त्यांना ही सायकल उलटी दिसली असेल. कुणा अनाड्याने उलटी जोडलेली. म्हणून त्यांनी ती सरळ केली. माझ्यासाठी. आणि मी हात बदलून बसले होते, ते त्यांना सांगितलंच नव्हतं. "बघू"च्या पुढे बोलणंच कधी झालं नव्हतं.

आणि मी क्वालिटीवाली! ब्रेक लागतात का ते तपासलं. कुठल्या चाकाला लागतात ते नाही.

सरांना म्हटलं, "कुणाला सांगू नका. योगिनीला पण नको."

२० जानेवारी

घरी अब्बांनी एवढंच विचारलं, "कसं झालं?"

मी म्हटलं, "मी चुकीचा ब्रेक दाबला."

हे खोटं वाक्य आहे का? दिवसभर तेच चाललंय डोक्यात. शब्द खरे आहेत. पण फुप्पीने पाटीवर लिहू दिलं नसतं.

२१ जानेवारी

अब्बा माझ्याकडे बघत नाहीत. फुप्पी खांद्याचा पट्टा बांधते तेव्हा उठून बाहेर जातात.

२२ जानेवारी

गॅरेज उघडलं नाही. अंगणात बसून होते. चहा गार झाला.

रागावलेत. माझ्यावर नाही, शर्यतीवर. शेवटी झालं ना तेच, जे ते रोज गॅरेजमध्ये बघतात. वाकलेला दांडा. म्हणत असतील, एकदा हो म्हटलं आणि पोरगी मोडून आली.

२४ जानेवारी

आज म्हणाले, "ती सायकल परत देऊन टाक."

मी "हौ" म्हणाले. आत येऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

आता मी काय करू? गप्प राहिले तर त्यांना वाटणार, हिला जमत नाही, हिने पुन्हा जाऊ नये. मग ती वाट संपली. आणि खरं सांगितलं तर? तर ती चूक त्यांच्या हातांची. ते हात परत माझ्या कशालाही लागणार नाहीत. दुपारभर उपाशी बसून केलेलं काम होतं ते. मला मिळालेला होकार तेवढाच होता.

डोळे मिटले की गवत दिसतं. उघडले की अब्बांचे हात.

२६ जानेवारी

फुप्पीला विचारलं, "खरं बोलून कुणाचं मन मोडत असेल तर?"

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मन मोडतंय म्हणून गप्प बसलीस, तर तो एकटाच पडतो गं. आणि तू पण."

कुणाबद्दल, ते तिने विचारलं नाही. उद्या सांगेन.

२७ जानेवारी

सांगायला गेले. "अब्बा, ते ब्रेक…" एवढंच म्हटलं.

ते म्हणाले, "माहितीये. जाळीपाशी तू उजवा दाबलास आणि पुढचं चाक थांबलं. तिथेच कळलं मला, मी काय केलंय."

अब्बा तिथे होते! मोटारसायकलवरून मागोमाग आले होते. मला न सांगता.

"दुसऱ्याची सायकल मी बिघडवली, म्हणून परत दे म्हटलं. तोंड कसं दाखवू तुला, कळेना." मग खाली बघत म्हणाले, "तू पडलीस तसा धावत सुटलो होतो. आणि बघतो तर तू जमिनीवर पडून हसत होतीस. तुला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, बेटा. म्हणून तिथेच थांबलो."