जुन्या चावीने लावलेलं कुलूप

११ मार्च
झालं एकदाचं! शिलाई कारखान्यातल्या मावशींनी पूर्ण जबानी दिली. आग लागली तेव्हा मागचं दार बाहेरून बंद होतं — मुकादमाने स्वतः कडी घातली, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. सांगताना सारख्या थांबत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आता परत विचारू नकोस गं बाई."

सगळं टाइप केलं. आमच्या वकीलबाईंनी सगळ्यांना देऊन ठेवलेल्या सार्वजनिक डिजिटल चावीने फाइल कुलूपबंद केली — आता ती उघडेल फक्त त्यांच्या खासगी चावीने. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर एक ओळ, एन्टर, संपलं! मग मूळ फाइल आणि रेकॉर्डिंग, दोन्ही कायमची पुसली. कारखान्याच्या मालकाची माणसं आमच्या ऑफिसात डोकावून गेलीत. मागे काही ठेवायचं नाही. हे इथे फक्त मला येतं. जरा मिरवलंसुद्धा.

१२ मार्च
वकीलबाईंचा फोन. "उघडत नाहीये."

१३ मार्च
कळलं. माझ्याकडे त्यांच्या नावाच्या दोन चाव्या होत्या. मी जुनी वापरली. तिची जोडीदार खासगी चावी त्यांच्या बिघडलेल्या लॅपटॉपबरोबर भंगारात गेली — त्यांनी सांगितलं होतं, नवी पाठवलीही होती! कॉम्प्युटरनेसुद्धा विचारलं होतं: ही चावी त्यांचीच याची खात्री नाही, तरी वापरू? मी न वाचता हो म्हटलं. सोबत माझी चावी लावली असती तर निदान मला तरी उघडता आलं असतं. तेही नाही. आता ब्रह्मदेव आला तरी उघडणार नाही.

बाई म्हणाल्या, "मावशींना तूच सांग. खरं खरं."

१५ मार्च
गेले होते. मावशी शर्टाला काजं करत बसल्या होत्या. मला बघून हसल्या. आणि माझी जीभ वळली ती भलतीकडेच — "मावशी, मशीनमध्ये तुमचा आवाज नीट आलाच नाही. परत सांगाल?"

चेहरा उतरला त्यांचा. "माझंच चुकलं गं. त्या धुरापासून घसा असा बसलाय. जरा मोठ्याने बोलायला हवं होतं मी."

वर मलाच पाणी दिलं! मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी बोलले नाही.

१६ मार्च
बाईंनी विचारलं, "सांगितलंस?"
"हो."
एका खोट्यावर दुसरं फुकट.

१७ मार्च
आईला सगळं सांगितलं. "एवढी शिकलीस ना?" एवढंच म्हणाली आणि भाजी चिरत राहिली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

१८ मार्च
मावशी आल्या. मागे चार बायका — त्याच कारखान्यातल्या. आजवर एकीनेही तोंड उघडलं नव्हतं. "माझ्या एकटीचा आवाज पोचला नाही ना, म्हणून ह्यांना घेऊन आले."

मी सांगून टाकलं. चावी, पुसणं, खोटं — सगळं. कुणी उठून गेलं नाही.

मग मावशींनी विचारलं, "म्हणजे माझा आवाज आला होता?"

"हो, मावशी. अगदी स्पष्ट."