दोनशे चाळीस चित्रांची किनार

मी, या दोन खोल्यांची आणि खालच्या चित्रे-चौकटींच्या दुकानाची मालकीण, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. आज कोणता वार आणि सात नव्वे किती हे विचारून वकीलबाईंनी खात्री करून घेतली. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आहे ते उद्या सकाळी आठ वाजताचे. यापूर्वी कधी काही लिहून ठेवले असेल, तर ते या कागदाने रद्द समजावे.

एक. उद्या माझे स्वरयंत्र काढणार आहेत. घशाच्या डॉक्टरांना मी सरळ विचारले, "जगेन का?" त्या म्हणाल्या, "आवाज जाईल, ताई. जीव राहील बहुधा." पंचेचाळीस वर्षे मी सभांतून बोलले. दगड आले, वीज गेली, अध्यक्षांनी माइक काढून घेतला, तरी माझा पाय मागे सरकला नाही. पण या 'बहुधा'ने माझे हातपाय गार पडले आहेत. काल एक पाटी आणून सराव केला. 'पाणी' आणि 'दुखतंय' लिहायचे होते. मी 'दुखतंय'ची प्रस्तावनाच लिहीत बसले आणि पाटी भरली. हसू आले, आणि हसता हसता मानेला हात गेला. तिथे भोक असेल. त्यातून मी श्वास घेईन. हे कलमात बसत नाही, वकीलबाई खोडा म्हणाल्या; मी खोडणार नाही.

दोन. घर आणि दुकान माझ्या पुतणीला द्यावे. ती माझ्या धाकट्या भावाची मुलगी. तिचे वडील माझ्याशी बोलत नाहीत हे ठाऊक असूनही ती दर रविवारी जिना चढून येते, आणि "काय म्हणते तोफ?" असे विचारते. मोरीचा नळ डावीकडे फिरवून मग उजवीकडे फिरवायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी लागत नाही, तिला दोरी बांधलेली आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही पुतणीनेच करावी.

तीन. भिंतींवर अकरा चित्रे आहेत. बिंदुवादी म्हणतात तशी, म्हणजे ब्रश न ओढता शुद्ध रंगाचे ठिपके शेजारी शेजारी ठेवून केलेली. सगळ्या छापील प्रतिकृती आहेत, आणि मी त्यांना कधीही नक्कल म्हटलेले नाही. मूळ चित्र एकच असते. ते जिथे असते तिथे जायला तिकीट लागते, बूट लागतात, सुट्टी लागते. माझ्या सभेला येणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बाईला यांतले काय मिळत होते? तिच्या एका खोलीत, सकाळी डोळे उघडल्यावर समोर ते नदीकाठचे ऊन दिसले पाहिजे, हे मी कारखान्यांच्या उपाहारगृहांत आणि शाळांच्या पटांगणांत ओरडून सांगितले आणि आजही सांगते. भाकरी वाटून घ्यायची म्हणता, मग ऊन का नाही?

चित्रांची वाटणी अशी. बंदराचे चित्र वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना, त्यांनी मला इंजेक्शनची भीती नाही असे नाटक करू दिले म्हणून. सफरचंदाच्या तीन झाडांचे ग्रंथालयाला. सर्कशीचे चित्र शेजारच्या दुकानदाराला; "गालिचाचा नमुना आहे का हो?" असे त्याने मला बावीस वर्षांपूर्वी विचारले होते, आता रोज बघू दे. उरलेली आठ पुतणीला. लावताना लक्षात ठेवावे: बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर लावायची, थेट उन्हात नाही, आणि बोळात तर मुळीच नाही. समोर सहा पावले मागे जायला जागा हवी. लोक नाक लावून बघतात आणि म्हणतात काहीच दिसत नाही.

परवा मीही तेच केले. खुर्चीतून उठून नदीकाठच्या चित्रातल्या छत्रीवाल्या बाईपाशी गेले. जवळ गेल्यावर तिचे तोंड गेले, मग मान गेली, नुसते निळे-नारिंगी ठिपके राहिले. हजार वेळा पाहिलेली गोष्ट. पण मी घाबरून मागे सरले, आणि ती परत दिसेपर्यंत श्वास घेतला नाही.

चार. पुस्तके ग्रंथालयाला द्यावीत. समासात मी भांडलेली आहे. ती भांडणे खोडरबराने पुसू नयेत. बँकेतली शिल्लक नगरशाळेला, वर्गावर्गात चित्रे लावण्यासाठी. छापखान्याच्या मालकाला काही देऊ नये. त्याने एकदा आकाश मळक्या पोतेऱ्यासारखे छापले आणि वर मलाच चष्मा बदलायला सांगितले.

पाच. माझ्यामागे कोणी भाषण करू नये. माझ्या भाषणांच्या ध्वनिफिती कोणी वाजवू नयेत, विशेषतः मी जिवंत असेन तर. बिनआवाजाची मी पलंगावर आणि माझा आवाज टेबलावरच्या यंत्रात, ही कल्पनासुद्धा मला सहन होत नाही.

सहा. आता माझा भाऊ. बाजारात त्याला सगळे गुण्या म्हणतात, सुतार ज्याने काटकोन तपासतात त्या हत्यारावरून, कारण त्याने केलेल्या चौकटीचा कोपरा केसाएवढाही उघडा राहत नसे. चित्रे मी निवडायची, चौकटी त्याने करायच्या, असे आमचे सोळा वर्षे चालले.

छापखान्यातून चित्राचा कागद येतो तेव्हा त्याच्या कडेला रंग तपासण्यासाठी छापलेली ठिपक्यांची पट्टी असते. ती कापून टाकायची असते. प्रत्येक कामाच्या सूचनापत्रात मी ते लिहीत असे. नदीकाठच्या चित्राच्या दोनशे चाळीस प्रती आल्या, तेव्हा मी कागद न उलगडता नेहमीसारखे लिहिले, "कडेची रंगीत पट्टी चारही बाजूंनी कापावी." गुण्या वर आला.

"ताई, ही पट्टी प्रेसची वाटत नाही गं. चित्रातलीच दिसते. कोपऱ्यात रंग बदलत जातोय बघ."

मी भाषणाची टिपणे काढत होते. मान वर न करता म्हणाले, "तू काटकोन बघ. चित्र मला कळतं."

"बघून तरी घे एकदा."

"गुण्या, उद्या हॉल भरणार आहे. काप."

त्याने कापली.

ती किनार चित्रकाराने स्वतः रंगवलेली होती. आतल्या उन्हाला बाहेरून पेलणारी, निळ्या-नारिंगी ठिपक्यांची. दुसऱ्या दिवशी चारशे माणसांसमोर एक म्हातारे चित्रकला-शिक्षक उभे राहिले आणि त्यांनी शांतपणे विचारले, "बाई, चित्राची किनार कुठे आहे?" त्या क्षणी मला सगळे समजले. आणि त्याच क्षणी, विचार करायला जितका वेळ लागतो त्याच्या आत, माझ्या तोंडातून निघाले, "आमच्या बंधुराजांच्या कात्रीला विचारा! काटकोनापलीकडे जग असतं हे तिला कोणी शिकवलंच नाही!"

हॉल हसला. टाळ्या पडल्या. गुण्या मागच्या दाराशी पुढचे चित्र हातात धरून उभा होता. त्याने ते भिंतीला टेकवून ठेवले, काच घासू नये म्हणून खाली रुमाल घातला, आणि गेला. नंतर त्याला चौकटीचे काम कोणी दिले नाही. गावभर तो विनोद झाला होता. त्याने खिडक्या बसवायचे काम धरले. एकोणीस वर्षे झाली.

ते सूचनापत्र माझ्या अक्षरातले आहे. मी ते फाडले नाही आणि कोणाला दाखवलेही नाही. या मृत्युपत्रासोबत ते जोडले आहे. चूक माझी होती. भावाने दोनदा सांगितले होते आणि मी ऐकले नाही. माझा सगळ्यात मोठा हशा मी खोट्यावर मिळवला. चौकटीची लाकडी पट्टी तिरकी कापायचे दुकानातले यंत्र, रंधे आणि इतर हत्यारे भावाला द्यावीत.

सात. हे कागदावर का लिहिते, तोंडाने का सांगत नाही, असे पुतणीने विचारले. मी म्हणाले, उद्यानंतर तोंडच नसेल. ती म्हणाली, "पण आज आहे ना, आत्या?" चार हजार माणसांपुढे बोलणाऱ्या मला एका माणसापुढे बोलायची धास्ती वाटते. तो दार लावून घेईल, याची. त्याहून जास्त, तो दार उघडेल याची.

आठ. सही करण्यापूर्वी घातलेली भर. सकाळी अकराला दोन साक्षीदार यायचे होते. नर्सबाई आल्या. दुसरे, निवृत्त पोस्टमन, ताप आला म्हणून आले नाहीत. पुतणी "आणते कोणालातरी" म्हणून गेली आणि तासाभराने तिच्या मागून जिना चढून गुण्या आला. केस पांढरे झाले आहेत. गुडघा धरून चढतो.

"साक्षीदार हवाय म्हणे," तो म्हणाला. "सहीपुरता आलोय."

वकीलबाईंनी कागद पुढे केला. साक्षीदाराने आतला मजकूर वाचायलाच हवा असे नाही, असेही सांगितले.

"वाचणार नाहीच. माझ्याबद्दल काही असेल तर हिनं वाचून दाखवावं. तेवढा घसा आहे ना?"

मी उभी राहिले. बसून मला वाचता आले नसते. सहावे कलम वाचले. आवाज आधीच फाटला आहे, त्यात दोन ठिकाणी ओळ चुकली. 'कात्रीला विचारा' हे शब्द मला त्याच्यासमोर दुसऱ्यांदा उच्चारावे लागले. त्याने मान वर केली नाही. वाचून संपले तेव्हा मला ऑपरेशनची आठवणही राहिली नव्हती.

मग तो म्हणाला, "दोनशे चाळीस नव्हत्या. प्रेसवाल्यानं एक जास्तीची पाठवली होती. ती मी नाही कापली."

"कुठंय?"

"घरी. चौकटीत. किनारीसकट. तुझ्यापेक्षा मला चित्र जास्त कळतं, हे मला रोज दिसावं म्हणून."

नर्सबाईंना हसू आवरेना. मलाही हसायचे होते, जमले नाही.

"माफ केलंस का, गुण्या?"

"ते बघू. तू बघायला ये आधी. बघायला आवाज लागत नाही."

वकीलबाईंनी त्याला समजावले की साक्षीदार म्हणून सही केली, तर मृत्युपत्रातून त्याला काही मिळणार नाही. यंत्र आणि हत्यारे जातील. तो म्हणाला, "जाऊ देत. बोथट झाली असतील. सही कुठं करू?" म्हणून सहाव्या कलमातली हत्यारे आता पुतणीला द्यावीत. धार तिच्या वडिलांकडून लावून घ्यावी. हाच नियम नर्सबाईंनाही लागतो, म्हणून त्यांचे बंदराचे चित्र मी आजच भिंतीवरून काढून त्यांच्या हातात दिले आहे.

हा कायद्याचा कागद आहे, यात खोटे लिहून चालत नाही, म्हणून भीती गेली असे लिहीत नाही. ती आहे. उद्या सकाळी सातला भाऊ मला रुग्णालयात न्यायला येणार आहे. एवढे शेवटचे वाक्य मी त्याला मोठ्याने वाचून दाखवले. "साडेसहाला," तो म्हणाला. तशी दुरुस्ती समजावी.

वरील सर्व मजकूर माझा आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी त्यावर सही केली आहे.

सही: ताई

साक्षीदार पहिल्या: वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई
साक्षीदार दुसरा: भाऊ, चौकटी करणारा

ठिकाण: बसायची खोली, खिडकीजवळचे टेबल
तारीख: चौदा, बुधवार, दुपारी पावणेएक