माझे पिस्तूल सायमाला देऊ नये

मी, आर्वो मॅथिआस निस्काला, वय वर्षे एकोणऐंशी, पूर्वीचा धंदा सरकारी रस्त्यांवरचा बर्फ हटवण्याची गाडी चालवणे, हल्लीचा धंदा खोकणे, राहणार कॅरिबू लेक, मिशिगन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे नाहीत, पण सही करायला ती लागत नाहीत. मला कोणी धाक घातलेला नाही, गळ घातलेली नाही, की काही पाजलेले नाही. हृदयाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घाबरून जे मृत्युपत्र केले होते ते रद्द समजावे. त्यात मी सगळ्यांना क्षमा केली होती, आणि ती घाई होती.

१. घर, अंगण, अंगणातली सॉनाची, म्हणजे वाफेने अंग शेकायची, खोली, गाडी आणि बँकेत जे काही असेल ते सर्व माझी पत्नी सायमा हिला पूर्ण मालकी हक्काने मिळावे. तिने ते ठेवावे, विकावे किंवा उधळावे, कोणी जाब विचारू नये. तिच्या पश्चात जे उरेल ते आमची मुलगी कॅरल हिचे. कॅरलचा नवरा ब्रेंट याला एकच सांगणे आहे. सॉनासाठी रचून ठेवलेली बर्चची लाकडे ही अंगणात शेकोटी करून मक्याची कणसे भाजण्यासाठी नाहीत. मागच्या उन्हाळ्यात तो पाहुणा होता म्हणून मी मूग गिळून बसलो. आता लेखी देतो.

२. मासे धरण्याचे माझे सगळे सामान ग्लेंडा सॅल्मिनेन हिला द्यावे. ती गावात शिकारीचे आणि मासेमारीचे दुकान चालवते व जुन्या वस्तूही विकते. मात्र विकताना तिने "म्हाताऱ्याने फार जपून वापरलंय हो" असे गिऱ्हाइकाला सांगू नये. मी काहीही जपून वापरलेले नाही.

३. तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडायचे माझे गिरमिट सायमाच्या धाकट्या भावाने, म्हणजे माझा मेहुणा ओन्नी कोस्केला याने, उसने नेले, त्याचे पाते मोडले आणि अजून परत आणलेले नाही. ते मी त्याला देत आहे, म्हणजे निदान मी गेल्यावर तरी ते चोरीचा माल राहणार नाही.

४. आता मुख्य गोष्ट. माझे पॉइंट टू-टूचे चांदमारीचे पिस्तूल सायमाला देऊ नये. तेही ओन्नीलाच द्यावे. हे वाचून कॅरल दचकेल आणि ओन्नी गालातल्या गालात हसेल, म्हणून कारण नीट लिहितो.

हिवाळ्यात दर गुरुवारी जुन्या सभागृहाच्या तळघरात आमच्या क्लबाची चांदमारी असते. मी तिथे तरुणपणापासून जातो. सायमा पूर्वी फक्त वेलचीचा पाव करून माझ्याबरोबर पाठवायची. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला गाडी चालवायला बंदी केली तेव्हा ती मला घेऊन यायला लागली आणि कोपऱ्यात विणत बसायला लागली. एका गुरुवारी लेस्टर, जो नेमबाजांच्या रांगेवर देखरेख करतो, तिला म्हणाला, "सायमा, तो मोजा आता तुझ्या दाराएवढा झाला. ठेव तो आणि ये, पाच गोळ्या मार." तिने मारल्या. परत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. लग्नाच्या दिवशी झाले होते तसेच.

त्यानंतर ती एकही गुरुवार चुकली नाही. पण पिस्तूल घरात एकच. दुसरे घेऊ म्हटले की ती म्हणायची, "एका घरात दोन पिस्तुलं? आपण काय बँक लुटणार आहोत?" मग माझी पाळी झाली की ती माझेच घ्यायची. त्या पिस्तुलाची लाकडी मूठ मी अक्रोडाच्या लाकडातून स्वतः कोरली आहे. माझे एकेक बोट जिथे बसते तिथे घासले, जिथे पोकळी राहते तिथे लांबी भरली. आमच्यात सगळे असेच करतात. सायमाची बोटे त्या खाचांत पोचतच नाहीत. तिच्या अंगठ्याच्या सांध्यात वात आहे. थोड्याच गोळ्या मारल्या की ती हात कोटाच्या खिशात लपवते आणि मला वाटू देते की तिला थंडी वाजते आहे. लक्ष्याच्या कागदावर तिची भोके नेहमी खाली डावीकडे घसरलेली असतात. ती म्हणते, "माझा हातच वाईट." तिचा हात वाईट नाही. ती मूठ माझी आहे.

शरद ऋतूत डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता काय ते सांगितले. त्या दिवशी बशा पुसता पुसता सायमा म्हणाली, "तुझं पिस्तूल मी काचेच्या कपाटात ठेवीन. चांगल्या बशांशेजारी."

"मग गुरुवारी तू काय वापरशील?" मी विचारले.

"मी कशाला जाऊ तिथं? तू जातोस म्हणून मी जाते, म्हाताऱ्या."

मला तिची आई आठवली. नवरा गेल्यावर त्या बाईने आधी चर्चमधले गाणे सोडले, मग चर्च सोडले, मग दुकानात जाणेही. शेवटी खिडकीतली एक खुर्ची तेवढी उरली, आणि त्या खुर्चीत ती फार वर्षे जगली. सायमाची हनुवटी आईची आहे आणि हट्टही. मला मरणाची भीती थोडी वाटते, खोटे कशाला बोलू. पण त्या खिडकीची भीती मला जास्त वाटते. घराचे आणि पैशाचे काय व्हायचे ते होईल. सायमाने गुरुवारी घराबाहेर पडावे, एवढ्यासाठी मी हा कागद लिहायला बसलो आहे.

म्हणून पिस्तूल ओन्नीला, पण अटींवर. त्याने आधी मुठीचे दोन्ही लाकडी भाग काढून सायमाच्या हातात द्यावेत. त्यांत माझ्या हाताचा आकार आहे, तो तिचा. वाटेल तेव्हा तिने तो हातात धरावा. ओन्नीची बोटे सॉसेजसारखी आहेत, त्याने स्वतःची मूठ स्वतः कोरावी. पिस्तूल नावावर करण्याचे कागद त्यानेच शेरीफच्या कचेरीत जाऊन करावेत. आणि हिवाळाभर दर गुरुवारी सायमाच्या दारापुढे गाडी उभी करून ती बाहेर येईपर्यंत भोंगा वाजवावा. डोके दुखते म्हणाली तरी वाजवावा. त्यात त्याने कुचराई केली तर पिस्तूल क्लबाला जावे. ओन्नीला माझे पिस्तूल गेली कित्येक वर्षे हवे आहे, त्यामुळे तो भोंगा वाजवील याची मला खात्री आहे.

५. सायमाने स्वतःसाठी जुन्यातले, परवडेल असे पॉइंट टू-टूचे पिस्तूल घ्यावे. नवे घ्यायला ती कधीच तयार होणार नाही आणि गरजही नाही. ही पिस्तुले माणसापेक्षा जास्त टिकतात. मात्र घेताना डोळ्यांत तेल घालून घ्यावे, म्हणून मला जे कळते ते लिहून ठेवतो. पहिल्यांदा रिकामे आहे ना ते बघावे, विकणाऱ्याने बघितले असले तरी स्वतः बघावे. नळीत उजेड पाडून आत कुठे कडे आल्यासारखे दिसते का ते बघावे, दिसले तर नळी तिथे फुगलेली आहे, सोडून द्यावे. स्क्रूंची डोकी चावल्यासारखी झाली असतील तर कोणीतरी हौशी माणूस आत हात घालून गेला आहे. काडतुसे भरायचे मॅगझिन हल्ली मिळते का ते विचारावे. नळीवरचा काळा रंग उडालेला असला तर खुशाल घ्यावे, त्याने नेम बिघडत नाही आणि किंमत उतरते. नाव आणि खोका यांसाठी पैसे देऊ नयेत.

सर्वांत महत्त्वाचे हे. पॉइंट टू-टूच्या काडतुसाची पेट घेणारी दारू कडेला असते, म्हणून आतली पिनही कडेवर आपटते. कोणी घरी बसून रिकामेच पिस्तूल चालवत राहिला असेल तर पिनेचा तो मार नळीच्या मागच्या, काडतूस बसते त्या तोंडाच्या कडेवर बसतो आणि तिथे बारीक खळगा पडतो. मग पुंगळ्या आत अडकतात. तो खळगा आधी शोधावा. आणि एवढे सगळे बरे निघाले तरी हाताला बसत नसेल तर परत ठेवावे. दुकानदाराला वाईट वाटेल म्हणून घेऊ नये. सायमाने आमचा निळा सोफा त्याच कारणाने घेतला होता.

६. वरचे कलम मी नाताळच्या आधी लिहिले. ते खोडत नाही, पण त्याची गरज उरलेली नाही. का, ते सांगतो.

सायमापासून काही लपवणे मला कधी जमलेले नाही, म्हणून मी तिला हे सगळे वाचून दाखवले. चौथ्या कलमाला ती उठून सिंकपाशी गेली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "ओन्नीला? आर्वो, ओन्नीला?" मग दोन दिवस माझ्याशी कामापुरते बोलली. तिसऱ्या दिवशी कोट घालून माझ्यापुढे उभी राहिली. "चल. शेरीफकडून परवाना आणलाय मी. बघू तुझं ते पाचवं कलम."

ग्लेंडाने तीन पिस्तुले काढून ठेवली. त्यांतले एक बघताच माझा जीव त्याच्यावर जडला. लांब नळी, रंग जसाच्या तसा, किंमतही बेताची. मी ते उजेडात धरले, कड बघितली. "एक नंबर आहे," मी म्हणालो. "हेच घे."

सायमाने ते माझ्या हातातून घेतले, रिकामे असल्याची खात्री केली आणि ग्लेंडाला म्हणाली, "दात कोरायची काडी आहे का गं?"

"आत्ता? जेवून आलीस का?"

"दे तर खरी."

तिने काडीचे टोक नळीच्या मागच्या तोंडाच्या कडेवरून हळूच फिरवले. एका जागी ते अडकले. तिने पुन्हा फिरवले, पुन्हा तिथेच अडकले. "खळगा," ती म्हणाली. "डोळे गेले तुझे, म्हाताऱ्या."

ग्लेंडा ओशाळली. "अगं, मला खरंच नव्हतं दिसलं."

"काडीने कसं बघायचं ते तुला कोणी शिकवलं?" मी विचारले.

"तूच. आपल्या घरी दर रविवारी तू पाहुण्यांना तेच सांगत असतोस. तुला काय वाटतं, मी नुसती कॉफी ओतते?"

मग तिने तिन्हींतले सर्वांत कुरूप पिस्तूल उचलले. नळीचा रंग उडालेला, मूठ बारीक, आणि मुठीखाली कोणीतरी खिळ्याने एक वेडेवाकडे अक्षर कोरलेले. तिने मागचा भाग ओढून बघितला. अंगठा न दुखता तो मागे आला. आमच्या दोघांच्याही देखत ते रिकामे ठरले, तेव्हा तिने डोळे मिटले, भिंतीवरच्या पेंढा भरलेल्या माशाकडे हात उचलला आणि डोळे उघडले. हात जिथे थांबायला हवा तिथेच थांबला होता. हलत नव्हता. ग्लेंडाने चाप ओढून बघायला खोटे काडतूस घातले, तेव्हाही हलला नाही.

"विकायला गेलीस तर याला कुत्रं विचारणार नाही," मी म्हणालो.

"विकायचंय कोणाला? मी वापरणार आहे."

ती 'वापरणार आहे' म्हणाली. मी खोकला आल्याचे निमित्त केले आणि गळांच्या फळीकडे तोंड फिरवून उभा राहिलो. ग्लेंडा शहाणी बाई आहे, तिने कागद भरायला भरपूर वेळ लावला.

७. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी कॅरलला नेमतो. अंत्यविधीला भाषणे नकोत. कॉफी कडक असावी. ओन्नीला गाऊ देऊ नये.

८. हे कलम आज, सहीच्या आधी लिहितो आहे. आज गुरुवार आहे. मला आता जिना उतरवत नाही, त्यामुळे मी क्लबात जाऊ शकत नाही. सायमाने दुपारीच जाहीर केले की तीही जाणार नाही. ओन्नी दारापुढे आला. मी मेल्यावर वाजवायचा भोंगा मी त्याला आजच वाजवायला सांगितला होता, आणि तो गाढव अगदी मनापासून वाजवत होता.

"त्याला सांग घरी जायला," सायमा म्हणाली. "तुला असं सोडून मी गोळ्या मारत बसू? लोक काय म्हणतील?"

"नेम बरा लागला म्हणतील."

"आर्वो, थट्टा नको. मी नंतर जाईन. तू म्हणतोस तशी. शपथ घेते हवं तर."

"नंतर गेलीस तर मला कसं कळणार?" मी म्हणालो. "आज जा. म्हणजे मला बघता येईल."

मग तिने माझ्या कपाळावर ओठ टेकले, पिस्तुलाची पेटी उचलली आणि बूट चढवले. एकदा परत येऊन माझ्या पायांवरची चादर सारखी केली. मग गेली. भोंगा थांबला. गाडीचे दिवे वळून चर्चच्या रस्त्याला लागेपर्यंत मी बघत होतो. मला रडू आले, आणि सुखाने आले, हेही इथे नमूद करतो.

वरील सर्व मजकूर माझ्या मनासारखा आहे. आणखी काही मागणे नाही.

(सही) आर्वो मॅथिआस निस्काला
कॅरिबू लेक, मिशिगन
गुरुवार, ११ फेब्रुवारी २०१६

आम्ही खाली सह्या करणारे शेजारी असे लिहून देतो की श्री. निस्काला यांनी हा कागद आम्हांला वाचून दाखवला आणि आमच्या डोळ्यांदेखत सही केली. ते पूर्ण शुद्धीवर व चांगल्या मनःस्थितीत होते. यातून आम्हांला काहीही मिळणार नाही. ज्यांना सर्वांत जास्त मिळणार आहे त्या श्रीमती सायमा निस्काला सहीच्या वेळी घरात नव्हत्या. त्या चांदमारीला गेल्या होत्या.

(सही) मार्लिस ट्रेझोना
(सही) डेनिस ब्यूप्रे